बारा फोटोंचा उन्हाळा

यंदा पुन्हा उजनी धरणाचं पाणी मागं हटलं आहे. मी काही बघायला गेले नाही; गुडघे आता माझं ऐकत नाहीत. पण शेजारची सुनीता पळसदेवला माहेरी जाऊन आली आणि आल्या आल्या मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "काकी, बघा तरी, देऊळ किती वर आलंय." एका दुपारात तिनं दोन-अडीचशे फोटो काढले होते. बोटानं भराभर सरकवत होती. शिखर, शिखरासमोर ती, शिखरासमोर तिचा नवरा, भेगाळलेली माती, परत शिखर. मी म्हटलं, "अगं थांब, एक तरी नीट बघू दे." ती हसली आणि म्हणाली, "सगळे पाठवते की तुम्हाला." पाठवलेही. ते माझ्या फोनमध्ये पडून आहेत आणि मी अजून एकही नीट बघितलेला नाही.

मला मात्र त्या देवळाचे बाराच फोटो ठाऊक आहेत. नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यातले. त्यांच्या निगेटिव्हज माझ्या कपाटात बटर पेपरच्या पाकिटात आहेत आणि त्यातला कोणता कुठल्या क्रमानं काढला हे मी डोळे मिटून सांगू शकते. सुनीताला हे सांगितलं तर तिला वाटेल म्हातारी मोठेपणा सांगते आहे. सांगतेच आहे मी मोठेपणा. आयुष्यात दुसरं फारसं काही सांगण्यासारखं केलं नाही, तेवढं एक केलं.

इंदापुरात बाजारपेठेपासून जरा आत आमचा स्टुडिओ होता. पुढं दुकान, मागं डार्करूम, त्याच्या मागं आमचं घर. स्टुडिओ सासऱ्यांनी टाकलेला. त्यांच्या काळी काचेच्या प्लेटा होत्या, तीन पायांच्या तिकाटण्यावरचा लाकडी कॅमेरा होता आणि डोक्यावरून घ्यायचं काळं कापड. ते कापड पुढं कित्येक वर्षं आमच्या डार्करूमच्या दाराला पडदा म्हणून होतं. मग घडीचा कॅमेरा आला, भात्यासारखा उघडणारा. आणि मग ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पुण्याच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून दोन भिंगांचा कॅमेरा आणला. एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. त्यात एकशेवीसचा रोल लागायचा. काळ्या कागदात गुंडाळलेली रुंद फिल्म, एका रोलमध्ये बाराच फोटो, आणि प्रत्येक निगेटिव्ह चौकोनी, सव्वादोन इंचांची. रोल संपला की शेवटची डिंकाची पट्टी जिभेनं ओली करून चिकटवायची. त्या डिंकाची तुरट-गोड चव अजून माझ्या जिभेला आठवते.

त्या कॅमेऱ्याची एक गोष्ट लोकांना फार आवडायची. दुसरे कॅमेरे डोळ्याला लावतात. हा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या दुधी काचेत बघायचं. म्हणजे समोर कुणीही असो, सरपंच असो नाहीतर ऊसतोडीला आलेली बाई असो, फोटोग्राफर त्याच्यापुढं मान झुकवून उभा. पळसदेवचे दगडूआबा बाजारच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर टेकायचे. पूर्वी मेंढरं राखलेलं घराणं, धरण झाल्यावर मोटारी बसवून शेती करायला लागलेलं. ते एकदा म्हणाले होते, "ह्यो फोटूवाला ब्येस. मान खाली घालून फोटू काढतुया. त्यो स्टँडाजवळचा बंदूक रोखल्यावानी करतुया. त्याच्यापुढं हसूच येत न्हाय बगा."

माझं काम मात्र कॅमेऱ्याचं नव्हतं. मी निगेटिव्हवर टचिंग करायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी मला तांदूळ निवडताना बघितलं आणि ह्यांना म्हणाले, "हिची नजर बारीक हाय. हिला टचिंगला बसव." झालं, वडगाव निंबाळकरची शाळा शिकलेली मी, खिडकीशी बसले ती वीस वर्षं बसले. एक उतरतं लाकडी टेबल, त्यात दुधी काच, खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून काचेत यायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची. फिल्मवर आधी एक चिकट द्राव बोटानं चोळायचा, म्हणजे पेन्सिल उठते. मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं देवीचे व्रण बुजवायचे, कपाळाच्या आठ्या हलक्या करायच्या, डोळ्यांखालचं काळं घालवायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. गोरा माणूस काळा, काळे केस पांढरे. पेन्सिलीनं काळं केलं की छापताना ते उजळ उमटतं. इंदापूर तालुक्यातल्या किती माणसांना मी आधी असं उलटंच ओळखत होते. रस्त्यात प्रत्यक्ष भेटली की क्षणभर चेहरा लागायचा नाही.

हे सगळं करता येतं ते निगेटिव्ह मोठी असते म्हणून. पस्तीस मिलिमीटरच्या छोट्या फिल्मवर, आम्ही नुसतं पस्तीस म्हणायचो, चेहरा मुगाच्या दाण्याएवढा. तिथं पेन्सिल ठेवणार कुठं? त्या वर्षांत बारामतीत रंगीत फोटोंची लॅब निघाली होती. सकाळी रोल द्या, संध्याकाळी पाकीट घेऊन जा. एकेक जण पस्तीसकडं वळला. ह्यांना सगळे सांगून थकले. माझा भाऊ आला होता, तोही म्हणाला, "दाजी, जमाना बदलला. घेऊन टाका एक." हे म्हणायचे, "त्या पिचकुल्या भोकातून काय दिसतंय? माणूस बघायचा तर दोन्ही डोळ्यांनी बघावा." ऐकणाऱ्याला ते तत्त्व वाटायचं. मला हट्ट वाटायचा. मी तर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ह्यांचं प्रेम माझ्यापेक्षा त्या डब्यावर जास्त." सगळे हसले. हेही हसले. आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

कारण त्या दिवाळीनंतर माझ्या टेबलावर वेगळ्याच निगेटिव्हज यायला लागल्या. पहिली आली तेव्हा मला वाटलं, माणूस हलला असेल. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन. चेहरा मऊ, जरा पसरलेला, आणि मागच्या पडद्यावरची वेलबुट्टी मात्र लख्ख. म्हणजे फोकस माणसावर नव्हता, पडद्यावर होता. वीस वर्षांत ह्यांच्याकडून असं कधी झालं नव्हतं. त्या तीन चेहऱ्यांच्या डोळ्यांवरसुद्धा मी तो चिकट द्राव चोळला आणि पेन्सिल चालवली. डोळ्यात उजेडाचा ठिपका ठेवला. ब्लेडच्या टोकानं फिल्मवरचा थर अगदी हलका खरवडून पापण्यांची रेघ काढली. डोळे लागले की चेहरा लागतो. बाकी मऊ असलं तरी लोक त्याला छान म्हणतात. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

मग मी बघायला लागले. हे चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट ठेवत होते. मनगटावर घड्याळ असून मला वेळ विचारत होते. काचेवर बघताना झाकणातलं छोटं भिंग आधी कधीतरी उघडायचे, ते आता सारखं उघडं असायचं. फोकसची चकती पुढं, मागं, पुन्हा पुढं फिरवायचे आणि शेवटी अंदाजानं थांबायचे. पस्तीसचा कॅमेरा का नको, ते मला एका दुपारी खिडकीशी बसल्या बसल्या कळलं. त्या भोकातून ह्यांना काहीच दिसलं नसतं. ह्या मोठ्या काचेवर अजून थोडं दिसत होतं, म्हणून तो जुना कॅमेरा. मी पेन्सिल खाली ठेवली.

विचारलं नाही. का नाही विचारलं ते मला अजूनही धड सांगता येत नाही. ह्यांनी सांगितलं नाही म्हणजे सांगायचं नसेल, असं मी स्वतःला बजावलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. विचारलं असतं तर ते खरं झालं असतं.

लोणी भापकरची एक मुलगी त्याच हिवाळ्यात दाखवायच्या फोटोसाठी आली होती. सोबत आई. निळी साडी, घट्ट वेणी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. निगेटिव्ह आली ती धुकट. पोरीचे डोळे म्हणून जे काही होतं ते नुसते दोन डाग होते. परत बोलावणं म्हणजे ह्यांना सांगणं. मी दीड दिवस त्या दोन डागांवर बसले. पोरगी दुकानात आली तेव्हा मी तिला पडद्याआडून पाहिलं होतं, तेवढ्या आठवणीवर डोळे काढले. उन्हाळा लागता लागता तिची आई पेढे घेऊन आली. "फोटूवरच पसंती आली बगा. पावनं म्हनले, पोरीचं डोळं बोलत्यात." हे हसून म्हणाले, "डोळे पोरीचेच चांगले हायेत, मी काय केलं त्यात?" मी आत पेढा हातात धरून उभी होते. कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी हातात मी काढलेले डोळे होते आणि त्या डोळ्यांवर कुणी आयुष्याचा होकार दिला होता. मुलगी पुढं सुखात राहिली असं ऐकलं. तरी अजून एखादी निळी साडी दिसली की मला ते दोन डाग आठवतात.

आणि मग तो उन्हाळा तापला. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला. धरण खाली खाली जात राहिलं आणि वैशाखात धरणात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं. आधी शिखर, मग मंडप, मग पायऱ्या, मग चक्क गाव. म्हणजे गावाची जोती. आमच्या दुकानात माणसं तेवढंच बोलत होती. दगडूआबा काठी टेकत आले आणि पायरीवर न बसता सरळ आत आले.

"फोटूवालं, येत्या रव्वारी या. समदी आळी गोळा करतूय. देवळापुढं एक फोटू पायजे सगळ्यांचा. आन एक माजा आन आक्काचा, आमच्या दारात."

"दार कुठं राहिलंय आबा?" हे म्हणाले.

"हाय की. चिखलात हाय, पन हाय. जोतं हाय, उंबऱ्याचा दगड हाय. तिकडं घाटावर ढग जमाया लागल्यात म्हंत्यात. वर पानी पडलं की हितं चढतंय. आन मी काय पुन्यांदा बगाया ऱ्हात न्हाय."

ह्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडून पुन्हा मिटलं. मला वाटलं, आता नाही म्हणतील. म्हणाले, "येतो." मग आतल्या दिशेला वळून, "सुमन, तूपण चल," असंही म्हणाले. वीस वर्षांत मला कधी कामावर चल म्हटलं नव्हतं.

रोल एकच मिळाला. बारामतीच्या दुकानदारानं फळीवरचा शेवटचा डबा काढून दिला आणि म्हणाला, एकशेवीसला आता कुणी विचारत नाही, मागवला तर आठ-दहा दिवस लागतील. तेवढे दिवस पाणी थांबणार नव्हतं. एक रोल, बारा फोटो. एसटीत मी कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात एकच होतं. हे बाराही बिघडले तर माझी पेन्सिल काय करणार? चाळीस माणसं देवळापुढं उभी म्हणजे प्रत्येकाचा चेहरा बाजरीएवढा. तिथं डोळे काढायला जागाच नव्हती.

काठापासून देवळापर्यंत आम्ही सुकलेल्या गाळावरून चालत गेलो. मातीच्या भेगांत शिंपल्या अडकलेल्या. मासेमारीच्या होड्या एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या. उन्हात गाळाला एक वास येत होता, मासळीचा आणि जुन्या विहिरीचा मिळून. माणसं आपापली घरं शोधत फिरत होती. लुगड्याच्या ओच्यात धान्य धरावं तसं एका बाईनं आपल्या परसातली माती धरली होती. आबांची बायको, आक्का, एका जोत्यात उभी होती. मला हात धरून आत नेलं. "ह्ये बग बाय, हितं चूल व्हती. हितं जातं. हितनं माजी सासू हाक मारायची." मग पायानं माती सारखी करून म्हणाली, "झाडून काडलं असतं, पन झाडू आनलाच न्हाय मी." तिला खरोखर वाईट वाटत होतं, फोटो काढायला माणसं आली आणि घर झाडलेलं नाही.

देवळाच्या पायऱ्यांवर आळी गोळा झाली. ह्यांनी स्टँड लावला, कॅमेरा चढवला, झाकण उघडलं, मान खाली घातली. चकती पुढं फिरली. मागं आली. पुढं. लोक ताठ उभे होते, बायकांनी पदर सारखे केले होते, ऊन सरळ डोक्यावर. चकती परत मागं. कुणीतरी खाकरलं. मग ह्यांनी मान वर केली आणि लोकांना म्हणाले, "जरा सावलीला बसा. ऊन तिरपं होऊ द्या." लोक पांगले.

"सुमन, इकडं ये."

मी गेले.

"तू बघ जरा."

"मी काय बघू?"

ते माझ्याकडं न बघता, देवळाकडं तोंड करून हळू आवाजात बोलले. "मला देऊळ दिसतंय. माणसं दिसंनात."

"कधीपासून?" मी विचारलं. मला माहीत असून विचारलं.

"दिवाळीपासनं. पुण्यात दाखवून आलो, तुला कागद आणायला चाललोय म्हणून सांगितलं तेव्हा. डोळ्याची नस सुकत चाललीय म्हणाला डॉक्टर. त्याला औषध नाही, ऑपरेशन नाही." मग म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे. आबाचं काय? हे बारा बिघडले तर आबाला मी कुठनं आणून देऊ?"

मला रडू फुटलं नाही. नंतर फुटलं, पुष्कळ दिवस. तेव्हा मी फक्त पदर खोचला आणि काचेत वाकले.

वीस वर्षं मी त्या कॅमेऱ्याच्या पोटातून निघालेलं सगळं हाताळलं होतं, पण आत कधी डोकावले नव्हते. कुणी नको म्हटलं नव्हतं, पण बघ असंही कुणी म्हटलं नव्हतं. आणि त्या दुधी काचेवर मला काय दिसलं तर रंग. काळं-पांढरं नाही, उलटे चेहरे नाहीत. पिवळी माती, आक्काचं हिरवं लुगडं, आबांचं तांबडं मुंडासं, देवळाचा काळपट दगड, सगळं त्या चौकोनात, हलतं, जिवंत, आणि आवाज नसलेलं. मी बघतच राहिले. "अहो," मी म्हटलं, "हे एवढं सुंदर दिसतं?" ते म्हणाले, "दिसायचं."

चकती कशी फिरवायची ते त्यांनी माझ्या बोटांवर बोटं ठेवून शिकवलं. "आधी घालव, मग आण. घालवल्याशिवाय कळत न्हाय कुठं हाय ते." त्या काचेवर डावं ते उजवं दिसतं, मी कॅमेरा डावीकडं हलवायला गेले की देऊळ उलटीकडंच पळायचं. आळीतला एक जण म्हणाला, "बाई काडनार व्हय फोटू?" हे त्याला म्हणाले, "बाईच काढणार. मी तुमाला नीट उभं करतो." आबांनी काठी आपटली. "आरं, काडू दे की. लक्षुमी हाय घरची. ती काय तुला खाती का?"

मग ऊन उतरायला लागलं आणि आम्ही काम केलं. हे माणसांत फिरत होते. खांद्याला हात लावून कुणाला मागं, कुणाला पुढं. पोरांची डोकी हातानं मोजून बसवली. आणि मी मान खाली घालून उभी, त्या सगळ्या गावापुढं. आक्काच्या कपाळावरचं कुंकू आधी पसरट दिसायचं, चकती फिरवता फिरवता गोळा व्हायचं, आणि एका क्षणी अगदी टिकलीएवढं होऊन थांबायचं. तिथं मी श्वास धरायची आणि कळ दाबायची. आळीचे तीन काढले. घराघरांचे सात. आबा आणि आक्काचा त्यांच्या उंबऱ्यावर एक. आबा एका बाजूला, आक्का दुसऱ्या बाजूला, मधे नसलेलं दार.

अकरा झाले. मी सांगितलं, एक उरलाय. कुणाचा काढायचा ह्यावर चर्चा सुरू होणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "फोटूवाल्याचा फोटू कोन काडतंय कदी? बसा हितं तुमी."

ह्यांनी नको नको केलं. आबांनी दंडाला धरून देवळाच्या पायरीवर बसवलंच. टोपी काढून मांडीवर ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांना इकडं बघा म्हणणारा माणूस, अवघडून बसला होता. "कुठं बघू?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आवाजाकडं बघा," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. मी घालवलं, मग आणलं, आणि कळ दाबली.

त्यानंतर तीन आठवड्यांत देऊळ पुन्हा पाण्याखाली गेलं. दगडूआबा पुढच्या संक्रांतीला गेले. नव्या पळसदेवात त्यांच्या घरी तो उंबऱ्यावरचा फोटो अजून आहे, आक्का होती तोवर त्याच्या काचेवरची धूळ रोज पदरानं पुसायची. स्टुडिओ मी आणखी सात वर्षं चालवला. एकशेवीस मिळेनासा झाला तसा मीही पस्तीस घेतला, रंगीत काढले, बारामतीच्या लॅबला रोल पाठवले. त्या भोकातून बघायची मला कधी सवय झाली नाही. हे दुकानात खुर्ची टाकून बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, माणसांना हातानं नीट उभं करायचे. हळूहळू उजेड-अंधार तेवढा कळायचा, मग तोही कळेना. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा तोच बारावा फोटो आहे. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, डोळे किती स्वच्छ आलेत. आणि जरा जवळ गेला की म्हणतो, काकी, गालावर हा कसला डाग? बोटाच्या ठशासारखा? तुम्ही तर टचिंगवाल्या, काढून का टाकला नाही?

तो डाग असा आहे. पळसदेवहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी रोल धुतला. ते काम त्यांनीच केलं. डार्करूममध्ये अंधार सगळ्यांना सारखा, आणि तिथं त्यांचे हात माझ्यापेक्षा कितीतरी शहाणे होते. फिल्म वाळली. मी खिडकीशी बसून एकेक निगेटिव्ह काचेवर ठेवली. अकराच्या अकरा लख्ख. बाजरीएवढ्या चेहऱ्यांना खसखशीएवढे डोळे होते, ज्याचे त्याचे. मग बारावी ठेवली. त्यांचे डोळे इतके स्पष्ट होते की त्यात मला कॅमेऱ्यावर वाकलेली एक बारीक सावली दिसली. मीच ती. सवयीनं हात पेन्सिलीकडं गेला, कपाळावरच्या दोन आठ्यांसाठी. मी पेन्सिल परत ठेवली.

हे हातात चहाचा कप धरून, चाचपडत माझ्यामागं येऊन उभे राहिले. "कसे आलेत?"

"चांगले आलेत. सगळे."

"माझा?"

मी ती निगेटिव्ह कडेला धरून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडं धरली नाही. डाव्या हातावर ठेवली आणि उजव्या हाताची तर्जनी फिल्मवर टेकवली, जे त्यांनी माझ्यादेखत जन्मात कधी केलं नव्हतं आणि कुणाला करू दिलं नव्हतं. "अहो, बोट उमटंल," मी म्हणाले. ते थांबले नाहीत. डोळ्यांवरून, गालावरून, सावकाश बोट फिरवलं.

"डोळ्यांवर कुठंच चिकट लागत न्हाय," ते म्हणाले. "दिवाळीपासनं पहिलाच."